कोळशाचा हिशेब

घरातले पिवळे बल्ब काढून एलईडी लावले, तेव्हा वीजबिल निम्म्यावर येईल असा माझा अंदाज होता. पण दिवे स्वस्तात जळतात म्हटल्यावर जिना, गच्ची, अंगण सगळीकडे लागले. बिल फारसे उतरले नाही. अम्मी हसून म्हणाली, "बचत केलीस की खर्चाला वाट करून दिलीस?"

हाच प्रश्न १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या २९ वर्षांच्या इंग्रज अभ्यासकाने 'द कोल क्वेश्चन' या पुस्तकात विचारला होता. त्याआधी कोळसा संपेल की नाही, हा वाद बहुतेक अंदाजावर चालायचा. रॉबर्ट हंट यांनी १८५४ पासून खाणींचे वार्षिक आकडे गोळा केले होते. जेव्हन्सने तेच हाताशी घेतले. १८६१ साली ब्रिटनमध्ये ८ कोटी ३६ लाख टन कोळसा निघाला होता आणि वाढ होती वर्षाला सुमारे साडेतीन टक्के.

यंत्रे सुधारली की कोळसा वाचेल, असे लोक म्हणत. जेव्हन्सने स्कॉटलंडचे उदाहरण पुढे केले. तिथे एक टन लोखंडाला लागणारा कोळसा एक तृतीयांशाहून कमी झाला, पण १८३० ते १८६३ या काळात एकूण खप दहापट वाढला. लोखंड स्वस्त झाले, मागणी वाढली, भट्ट्या वाढल्या. पुस्तकाचा दबदबा एवढा, की १८६६ साली अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी राष्ट्रीय कर्ज फेडण्याची निकड सांगताना त्याचाच आधार घेतला.

पुढे मात्र त्याचा हिशेब फसला. साडेतीन टक्क्यांची रेघ ओढत नेली तर १९६१ साली २६० कोटी टन कोळसा लागला असता. प्रत्यक्षात उत्पादन १९१३ मध्ये सुमारे २९ कोटी टनांवर पोचून उतरणीला लागले आणि १९६१ साली १९ कोटींच्या आसपास होते. तेल कोळशाची जागा घेईल, हे जेव्हन्सला पटले नव्हते.

म्हणून जेव्हन्सचे भाकीत बाजूला ठेवावे, पण त्याची पद्धत सोडू नये, असे मला वाटते. मोजल्याशिवाय बोलू नये, हे त्याने शिकवले. आणि मागच्या आकड्यांची रेघ डोळे मिटून पुढे ओढू नये, हे त्याच्या चुकीने शिकवले. आज कुणी नवे यंत्र दाखवून "एवढी वीज वाचेल" म्हणाले, की मी एकच विचारतो: एका यंत्रामागे किती, हे कळले, सगळ्यांची मिळून किती? अम्मीचा प्रश्नही तोच होता.