४५ मजले आणि लिफ्ट नाही

व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये, ऐन शहरात ४५ मजली एक मनोरा उभा आहे. १९९० मध्ये बांधकाम सुरू झालं ते बँकेच्या, बड्या कचेऱ्यांसाठी. १९९३ मध्ये त्यात पैसा घालणारे डेव्हिड ब्रिलेम्बर्ग वारले, पुढच्याच वर्षी देशातल्या बँका कोसळल्या. अर्धवट इमारत सरकारकडे गेली नि तशीच पडून राहिली. लोक तिला ‘डेव्हिडचा मनोरा’ म्हणू लागले.

२००७ मध्ये बेघर कुटुंबं आत शिरली. मला तर खरा इतिहास इथून पुढचाच वाटतो. लिफ्ट नव्हतीच. शेजारच्या पार्किंगच्या रॅम्पवरून मोटारसायकली दहाव्या मजल्यापर्यंत जायच्या, त्यापुढे पायी. आणि माणसं राहत होती २८व्या मजल्यापर्यंत! किराणा, आजारी सासू, कडेवरचं मूल... बायकांच्या गुडघ्यांचं काय होत असेल, हे कुठल्या अहवालात येत नाही. तरी त्यांनी पाणी वर चढवलं, वीज घेतली, विटांचे आडोसे घातले, दुकानं काढली. कठडे नसल्याने माणसं पडलीही.

कुणी या वस्तीला गुंडांचा अड्डा म्हटलं. उलट २०१२ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात तिच्यावरच्या मांडणीला सुवर्णसिंह मिळाला. बोलणारे दोन्हीकडचे बाहेरचेच!

२०१४ च्या जुलैत सरकारने लोकांना हलवायला घेतलं. नवी घरं दिली, पण कित्येकांना काराकासपासून लांब, कुआ गावात. रोजचं काम शहरातच राहिलं. २०१८ च्या भूकंपात रिकाम्या मनोऱ्याचे वरचे मजले कलले.