उंटाच्या डोक्यावरची चीर

लहानपणी बुद्धिबळातल्या उंटाच्या डोक्यावरची तिरकी चीर मला त्याचं तोंड वाटायची. ती बिशपच्या टोपीची खाच आहे, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. १८४९ साली लंडनमध्ये विकायला आलेल्या स्टाँटन संचातून ती जगभर पोचली. राजाच्या मुकुटावरचा क्रूसही त्यातलाच.

१९५० मध्ये साम्यवादी युगोस्लाव्हियातल्या दुब्रोव्हनिकला ऑलिंपियाड झालं. त्यासाठी घडवलेल्या संचात ना क्रूस होता, ना खाच. उंटाच्या टोकाला फक्त विरुद्ध रंगाचा गोळा. त्या स्पर्धेत सुवर्णपदक यजमानांनीच जिंकलं. पुढे बॉबी फिशरलाही हा संच फार आवडला.

मी रोज मोबाईलवर खेळतो, तिथल्या उंटालाही ती चीर आहे. कुणी त्याला बिशप म्हटलं, आपण उंट म्हटलं, दुब्रोव्हनिकने खूणच पुसली. त्याची तिरकी चाल मात्र कुणीच बदलली नाही.