आनंदीबाईंची फिलाडेल्फियातील तीन वर्षे

स्मरणिकेसाठी काही लिहा म्हणून चिटणीसबाईंनी गळ घातली, तेव्हा मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार?" पण गेल्या वर्षी आमच्या शेजारची मुलगी शिकायला परदेशी गेली. तिची आई रोज रात्री फोनवर तिचे तोंड पाहते आणि "जेवलीस का? अंगात स्वेटर आहे ना?" एवढेच विचारते. ते भिंतीपलीकडून ऐकू आले की मला डॉक्टर आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांना घरून एक पत्र यायला महिन्याहून अधिक दिवस लागत.

आनंदीबाईंची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. नवव्या वर्षी लग्न. टपाल खात्यात नोकरीस असलेले गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. बाई अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर थोड्याच महिन्यांत वारल्या. मधली तीन वर्षे आपण एका वाक्यात उरकतो. मला ती तीन वर्षेच वाचावीशी वाटली, म्हणून वाचनालयातून मिळेल ते आणून वाचले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या (आपल्याकडचे नव्हे) कॉलेजात त्यांनी भरसभेत इंग्रजीत भाषण केले. वय सतरा. अमेरिकेलाच का, एकटीच का, जात वाळीत टाकील त्याचे काय, अशा लोकांच्या एकेका प्रश्नाला त्यांनी तेथे उत्तर दिले. मुंबईत आणि कलकत्त्यात पुस्तके घेऊन रस्त्याने जाताना लोक आपल्याला कसे हसत, खडे कसे मारत, हेही सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे बजावून ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नाही, माहेरचे कोणी नाही, सोबत होती ती मिशनच्या बायकांची. ४ जूनला न्यूयॉर्क आले. म्हणजे प्रवासच अठ्ठावन्न दिवसांचा!

धक्क्यावर उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. या बाईंचे आणि आपल्या आनंदीचे नाते कसे जुळले तर एका मासिकावरून. दंतवैद्याकडे बसल्या असता त्यांनी मिशनच्या मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचला, त्यांना या मुलीची कणव आली आणि त्यांनी पत्र धाडले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न्यूजर्सीतील रोझेल गावी मावशीच्या घरी उन्हाळा गेला, आणि मग मावशीला सोडून फिलाडेल्फियाला जायची वेळ आली.

त्या वेळी फिलाडेल्फिया हे अमेरिकेतले दुसऱ्या क्रमांकाचे शहर होते. १८८० च्या शिरगणतीत त्याची वस्ती साडेआठ लाखांच्या घरात होती. बायकांना डॉक्टरकी शिकवणारे कॉलेज तेथे १८५० पासून चालू होते. कॉलेजच्या मुख्य रेचेल बॉडलेबाई यांनी आनंदीबाईंना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. एवढ्यात राहायचे, खायचे आणि वह्या-पुस्तके घ्यायची.

राहायला खोली मिळाली तिची शेकोटी धुरकट होती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर थंडी. पुस्तकांतून ही हकीकत दोन ओळींत येते. पण मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडे चूल होती आणि पावसाळ्यात सरपण ओले असे. डोळे चोळत, खोकत मी तिच्यापुढे बसत असे, पण माझे काम तासा-दोन तासांचे. स्वयंपाक उरकला की बाहेर ओट्यावर येता येई. बाहेर बर्फ असताना त्या धुरात रात्ररात्र बसून परक्या भाषेत हाडांची आणि शिरांची नावे पाठ करायची, याला काय म्हणावे? मांस खायचे नाही हा नेम, तेव्हा पानात असणार काय? याच विद्यार्थिदशेत त्यांना घटसर्प झाला. पुढे बॉडलेबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले, पण प्रकृती जी ढासळली ती पुन्हा सावरली नाही.

लुगड्याचा प्रश्नही लहान नव्हता. आपल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्या थंडीत ते सोसवेना आणि तिकडच्या लोकांत शोभेना. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले. पण देशी वेष सोडून झगा घातला नाही.

मला सर्वांत जास्त थांबवले ते त्यांच्या एका पत्राने. गोपाळरावांनी त्यांना शिकवले, त्यांच्यासाठी लोकांची टीका झेलली, हे मान्यच करायला हवे. पण अमेरिकेत ते त्यांना टोचून, संशय घेऊन पत्रे लिहीत. तेव्हा या मुलीने उलट टपाली त्यांना आठवण करून दिली, की नवव्या वर्षी मला खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारलीत, दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलेत, बाराव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी दिलीत. शब्द माझे आहेत, मतलब त्यांचा. कल्याणात किंवा कलकत्त्यात राहून हे त्यांना तोंडाने बोलता आले असते असे मला वाटत नाही. धूर असो की थंडी असो, ती खोली त्यांची एकटीची होती आणि दार लावून घेता येत होते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या आणि गोपाळरावही तोवर तेथे पोचले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांना देऊ केलेले होते. पण नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिन्याहून थोडे अधिक राहिले होते. कोल्हापुरात एकही रोगी त्यांच्या हातून तपासला गेला नाही. रक्षा गोपाळरावांनी मावशीकडे पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत तिच्यावर दगड उभा आहे.

१० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आहे. जपानची केई ओकामी, सिरियाची साबात इस्लामबूली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. त्याची प्रत मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेली होती. मंडळातल्या सर्वांत वडील काकूंनी चष्मा पुसून ती बराच वेळ पाहिली. मला वाटले पदवीविषयी काही विचारतील.

"हिला थंडी वाजत नसेल का गं?" त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "वाजत होती, काकू."