आरएस-४८५ चिपची निवड : विद्युत् गोंगाटाच्या जागी

आरएस-४८५ चिप म्हणजे दोन पिळदार तारांमधल्या विद्युत् दाबाच्या फरकावर एकामागून एक बिट पाठवणारी आणि वाचणारी चिप. तंत्रज्ञांच्या बोलण्यात तिला ट्रान्सीव्हर म्हणतात. आरएस-४८५ हे मानक १९८३ साली आले. ऊर्जामीटर, व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे उपकरण), तापमान-नियंत्रक आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक) यांच्यातले मॉडबस या संदेशपद्धतीचे बोलणे आजही बहुतांशी याच दोन तारांवरून चालते. प्रस्तुत नोंद बीड जिल्ह्यासारख्या ठिकाणी, म्हणजे कोरडी जमीन, लांब केबल आणि शेजारी मोठ्या मोटारी असताना, चिप कशी निवडावी याविषयी आहे.

जिल्ह्यात अशा जागा पुष्कळ आहेत. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत् केंद्रात २५० मेगावॉटचे संच आहेत. पांगरी आणि तेलगाव येथे साखर कारखाने, पाटोदा व केज भागांत पवनचक्क्या आणि शिवारात सौर पंप आहेत. साखर कारखान्यातले सेंट्रिफ्युगल मशीन दर काही मिनिटांनी वेग घेते आणि ब्रेक लागून थांबते. त्याच्या व्हीएफडीतले ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करतात, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या केबलमध्ये दाबाचा झटका शिरतो. गाळप हंगामात मीटरचे वाचन अधूनमधून गायब होणे ही क्षुल्लक तक्रार नव्हे. थांबलेल्या कारखान्याबाहेर ट्रॉलीतला ऊस वाळतो आणि साखर उतारा पडतो.

पिळदार तारांचा फायदा असा की बाहेरचा झटका दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच चढतो. चिप फक्त फरक पाहते, त्यामुळे सारखे चढलेले वजा होते. पाठवणाऱ्या चिपने ५४ ओहमच्या भारावर किमान १.५ व्होल्टचा फरक द्यायचा आणि घेणाऱ्या चिपने २०० मिलिव्होल्टचा फरकही ओळखायचा, असे मानक सांगते. मधले अंतर हीच गोंगाटासाठी राखलेली जागा.

या वजाबाकीला मर्यादा आहे, आणि बीडमध्ये खरी अडचण तिथेच येते. दोन्ही तारांवर मिळून चढलेला सामायिक दाब घेणाऱ्या चिपच्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहावा लागतो. चिपचा स्वतःचा संकेत ० ते ५ व्होल्टचा असतो. म्हणजे दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये जेमतेम ७ व्होल्टचा फरक सोसता येतो. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते. बालाघाटाच्या माथ्यावर तर थोड्या मुरमाखाली बेसाल्टचा खडक लागतो. २०१५ साली पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले होते. अशा वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून घागरीने पाणी ओतावे लागते, आणि तरीही अर्थिंगचा रोध वाढलेलाच राहतो. मोठी मोटार सुरू होताना, किंवा कुठे गळती असेल तर सतत, दोन इमारतींच्या ग्राउंडमध्ये ७ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडू शकतो. म्हणून इथे चिप निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नसून सामायिक दाबाचा असावा.

बाजारात स्वस्तात मिळते ती मॅक्स४८५. एका पॅनेलच्या आतल्या आत ती चालते. पण दोन तारा जोडायच्या तिच्या ए आणि बी पायांची कमाल सहनमर्यादा उणे ८ ते अधिक १२.५ व्होल्ट आहे, म्हणजे कामाच्या मर्यादेला अगदी चिकटून. पॅनेलमधली २४ व्होल्टची तार चुकून टेकली तरी ती जाते. एसएन६५एचव्हीडी१७८५ ही चिप उणे २० ते अधिक २५ व्होल्टच्या सामायिक दाबात काम करते आणि ७० व्होल्टपर्यंतची चूक सोसते. एलटी१७८५ ही चिप ६० व्होल्टपर्यंतची चूक सोसते, मात्र तिची कामाची कक्षा नेहमीचीच आहे. ग्राउंडमधला फरक ओळखीचा आणि थोडा असेल, तर एसएन६५एचव्हीडी१७८५ पुरते.

दोन इमारती वेगळ्या असतील किंवा केबल उघड्यावरून जात असेल, तर आयसोलेटेड, म्हणजे तारांची बाजू उपकरणापासून विद्युत्-दृष्ट्या तोडलेली चिपच घ्यावी. एडीएम२५८७ईमध्ये २५०० व्होल्टचे आयसोलेशन आणि तारांच्या बाजूचा वीजपुरवठा दोन्ही आतच असतात. आयएसओ१४१०मध्ये आयसोलेशन ५००० व्होल्टचे आहे, पण तारांच्या बाजूला स्वतंत्र पुरवठा द्यावा लागतो. आयसोलेशन घेतले म्हणून ग्राउंडची तिसरी तार वगळू नये. आयसोलेटेड बाजूंना एकमेकींचा आधार त्याच तारेतून मिळतो. केबलवरचे धातूचे वेष्टण, म्हणजे शील्ड, मात्र एकाच टोकाला अर्थ करावी.

वेगाबाबत मोह टाळावा. मॉडबसच्या नेहमीच्या ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. १२०० मीटर केबल ओलांडायला संकेताला साधारण ६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे टोकाहून उलट फिरणारी परावर्तने विरायला भरपूर वेळ उरतो. तीव्र कडांची चिप मात्र प्रत्येक फाट्यावर नवी परावर्तने उठवते आणि स्वतःच गोंगाट पसरवते. मॅक्स४८७ किंवा मॅक्स३०८२ यांसारख्या कडा मंद ठेवणाऱ्या चिपा म्हणूनच बऱ्या. मॅक्स३०८२चा आणखी एक गुण म्हणजे फेलसेफ. कोणीच बोलत नसताना तारांमधला फरक शून्यावर येतो, आणि जुन्या चिपला ती संदिग्ध स्थिती वाटून ती खोटे बिट वाचते. फेलसेफ चिपचा उंबरठा उणे २०० ते उणे ५० मिलिव्होल्टच्या दरम्यान सरकवलेला असल्याने शून्य म्हणजे ठामपणे ‘एक’. जुनी चिपच वापरायची असेल, तर दोन तारांना रोधकांनी हलका कल द्यावा लागतो.

वळवाच्या पावसातल्या विजेपुढे कोणतीही चिप एकटी टिकत नाही. केबल आत येते तिथे वायुनलिका-संरक्षक, त्यामागे छोटे रोधक आणि चिपला लागून झटका अडवणारा एसएम७१२ टीव्हीएस डायोड, असा क्रम ठेवावा. या डायोडची रचनाच उणे ७ ते अधिक १२ व्होल्टला धरून असमान केलेली आहे. परावर्तने शमवणारे १२० ओहमचे रोधक केबलच्या दोनच टोकांना लावावेत. प्रत्येक मीटरपाशी ते बसवलेले आढळतात, आणि मग चिप बदलूनही दोष जात नाही. पवनचक्कीच्या मनोऱ्यापासून उपकेंद्रापर्यंतच्या अंतराला मुळात तांबेच नको, तिथे ऑप्टिकल फायबर टाकावी.

चिप बदलताना ए आणि बीची खूणगाठ तपासून घ्यावी. मानकानुसार निवांत, म्हणजे ‘एक’च्या स्थितीत बीवर एपेक्षा अधिक दाब असतो. बहुतेक चिपांच्या माहितीपत्रकात मात्र ए हीच अधिक बाजूची तार असते, आणि मीटर बनवणारे यांपैकी काहीही छापतात. कल दिलेल्या निवांत तारांवर मल्टीमीटर लावून ज्या तारेवर दाब जास्त दिसेल तिला अधिकची तार मानावे.