'अजून' आणि 'हो' : इंग्रजीतील दोन अडथळे

मध्य प्रदेशात २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील तिगावसारख्या गावांत घरात मराठी बोलली जाते, राज्याचा कारभार मात्र हिंदीत चालतो. इंग्रजी ही अशा विद्यार्थ्याची तिसरी भाषा. तिथे प्रथम अडवतो तो 'अजून'. क्रिया चालूच असेल तर 'स्टिल' : 'इट इज स्टिल रेनिंग', अजून पाऊस पडतो आहे. अपेक्षित गोष्ट घडलेली नसेल तर नकारार्थी वाक्याच्या अखेरीस 'येट' : 'द ट्रेन हॅजन्ट कम येट', गाडी अजून आलेली नाही. हिंदीतील 'अभी' तर 'नाऊ', 'स्टिल' आणि 'जस्ट' या तिन्ही ठिकाणी चालतो, त्यामुळे गोंधळ वाढतो. 'आधीच'साठी 'ऑलरेडी' मराठी बोलण्यातही रुळला आहे.

होकाराची चूक अधिक महागात पडते. 'डोन्ट यू हॅव अ पासपोर्ट?' या प्रश्नाला पासपोर्ट नसलेला मराठी माणूस 'हो, नाही' या सवयीने 'येस' म्हणतो. ऐकणारा पासपोर्ट आहे असे समजतो. तिथे 'नो, आय डोन्ट' हेच उत्तर हवे. 'याह' आणि 'येप' ही 'येस'ची घरगुती रूपे, वऱ्हाडीतील 'हाव'सारखी. मित्रांत ती शोभतात, नोकरीच्या मुलाखतीत 'येस'च म्हणावे.