साठवलेल्या प्रतीचा मालक

चित्रं महिनाभर ठेवायची, बातमीचं पान फार तर मिनिटभर, आणि विनंतीसोबत लॉगिनची कुकी आली तर काहीही न साठवता ती थेट मूळ सर्व्हरकडे पाठवायची : वेबसाइट चालवणारे आज जगभर पसरलेल्या एज सर्व्हरांना असे नियम घालून देतात. या नियमांची जन्मकथा सहसा वेगाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती मालकीची कथा आहे. पानांच्या प्रती साठवणारी यंत्रं आधीपासून होती. त्यांचा खर्च उचलणारा बदलला, तेव्हा कुठे साइटमालकाला नियम लिहिता आले.

१९९४ पर्यंत सर्नच्या वेब सर्व्हरला प्रॉक्सी, म्हणजे वाचक आणि साइट यांच्यामधला सर्व्हर, होऊन पानं साठवता येऊ लागली होती. १९९६ मध्ये स्क्विड हा असाच प्रॉक्सी आला. हे प्रॉक्सी बसवणारे म्हणजे विद्यापीठं, कंपन्या, इंटरनेट पुरवठादार, म्हणजेच वाचकाच्या बाजूचे लोक. महागड्या लाइनीवरची रहदारी वाचवणं हा त्यांचा हिशेब, त्यात साइटमालकाला कोण विचारतो? तो पानासोबत जाणाऱ्या सूचनांमधून, म्हणजे हेडरमधून, विनंती तेवढी करू शके. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये मुदत सांगणारा ‘एक्स्पायर्स’ होता, जानेवारी १९९७ च्या १.१ मध्ये अधिक बारकाईचा ‘कॅश-कंट्रोल’ आला. मुदत दिलीच नसेल, तर पान शेवटचं कधी बदललं यावरून प्रॉक्सीनेच अंदाज बांधायचा. शिवाय प्रॉक्सीने परस्पर दिलेलं पान साइटच्या वाचकसंख्येत धरलंच जात नसे, आणि जाहिराती तर त्या आकड्यांवर मिळत. म्हणून काही साइट मुद्दामच प्रत साठवू देत नसत. प्रॉक्सींनी मोजदाद मूळ सर्व्हरला कळवावी, असा तोडगा ऑक्टोबर १९९७ मध्ये रीतसर मांडला गेला. नुसता वेगाचा प्रश्न असता, तर अशा तोडग्याची गरजच पडली नसती.

१९९८ मध्ये एमआयटीतल्या टॉम लेटन आणि डॅनी लेविन यांच्या संशोधनातून अकामाय ही एज सर्व्हर पुरवणारी कंपनी उभी राहिली आणि हिशेब उलटला. यंत्रं आताही वाचकांच्या जवळच होती, पण बिल साइटमालक भरत होता, त्यामुळे हुकूमही त्याचा चालू लागला. नियमांना खरी भाषा मिळाली ती २००६ मध्ये. नॉर्वेच्या ‘वेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्रासाठी पॉल-हेनिंग काम्प यांनी वार्निश हे प्रती साठवणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यासोबत व्हीसीएल ही छोटीशी भाषा दिली. तिच्यात लिहिलेले नियम आधी सी भाषेत उतरतात, मग थेट यंत्राच्या. वार्निश मूळ सर्व्हरच्या पुढ्यात बसे. तीच भाषा जगभरच्या एजवर नेली ती २०११ मध्ये स्थापन झालेल्या फास्टली या कंपनीने.

यावर आक्षेप असा : हेडर असताना वेगळे नियम कशाला? एकच गोष्ट दोन ठिकाणी सांगितली की घोळ ठरलेला. आक्षेपात दम आहे, पण त्यात दोन प्रकारच्या प्रती एकच मानल्या जातात. ब्राउझरमध्ये गेलेली प्रत परत बोलावता येत नाही, एजवरची मात्र पर्ज करून हवी तेव्हा काढून टाकता येते. म्हणून तेच पान ब्राउझरला मिनिटभरासाठी द्यावं आणि एजवर दिवसभर ठेवावं, हे शहाणपणाचं ठरतं. १९९९ मध्ये आलेल्या ‘एस-मॅक्सएज’ने सामायिक कॅशला वेगळी मुदत देता आली खरी, पण त्यात साइटमालकाचा एज आणि पुरवठादाराचा प्रॉक्सी एकाच मापाने मोजले जात. हा फरक हेडरमध्ये रीतसर यायला जून २०२२ उजाडलं : ‘सीडीएन-कॅश-कंट्रोल’.

घोळाची भीती मात्र खोटी नाही. २०१५ च्या नाताळात स्टीम या गेम-दुकानावर बनावट विनंत्यांचा मारा झाला. तो झेलण्यासाठी कॅश सांभाळणाऱ्या भागीदार कंपनीने घाईने नियम लावले. त्यांपैकी एका मांडणीने लॉगिन केलेल्यांची पानंही साठवली. सुमारे ३४,००० जणांची माहिती असलेली पानं परक्यांना दिसली असण्याची शक्यता होती; कुठे बिलाचा पत्ता, कुठे खरेदीची यादी. कुकी दिसली की साठवू नये, एवढं एक कलम तिथे हवं होतं.