गाठ निघाली, नाव राहिले

मज्जातंतूंच्या आवरणातून उगवणारी श्वानोमा ही गाठ पचनमार्गात क्वचितच आढळते आणि आढळलीच तर बहुधा जठराच्या भिंतीत. वाढ संथ, स्वभाव सौम्य. पुष्कळदा दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये ती सापडते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या संदर्भात तिचा इतिहास लिहायचा, तर शस्त्रक्रियेपेक्षा मेणाचे ठोकळे, काचपट्ट्या आणि रंगद्रव्ये यांच्याबद्दलच अधिक लिहावे लागते. गाठ कापता येणे आणि ती कसली आहे हे सांगता येणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरी विद्या या पट्ट्यापासून फार काळ लांब, मुंबईत परळलाच राहिली, असे माझे म्हणणे आहे.

अर्थात परळलाही हे नाव लवकर देता आले नसते. श्वानने आवरणपेशींचे वर्णन १८३९ मध्ये केले, व्हेरोकायने १९१० च्या सुमारास त्यांच्या गाठींतली पेशींची रांगेतली मांडणी दाखवली. पण जठरातल्या श्वानोमात ही मांडणी बहुधा ठळक नसते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात लांबट पेशी दिसल्या, की गाठ स्नायूची ठरवून लिओमायोमा लिहिले जाई. १९८३ मध्ये मझूर आणि क्लार्क यांनी या सवयीला धक्का दिला. १९८८ मध्ये जपानी अभ्यासकांनी एस-१०० या प्रथिनाच्या आधारे पचनमार्गातल्या श्वानोमांचा गट वेगळा काढला. १९९८ मध्ये हिरोता आणि सहकाऱ्यांनी ‘किट’ जनुकातला बिघड दाखवला आणि जिस्ट ही पचनमार्गाच्या भिंतीतली, दिसायला तशीच गाठ स्वतंत्र झाली. किट नकारात्मक, एस-१०० ठळक सकारात्मक, कडेला लिम्फपेशींची झालर: एवढे जुळले की श्वानोमा.

परळचे टाटा मेमोरियल १९४१ मध्ये सुरू झाले आणि तिथली प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकरांनी उभारली. कर्करोगाबरोबरच त्यांनी कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत कसा घर करतो याचाही सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. मज्जातंतूंत तो जंतू राहतो श्वानपेशींत. कुष्ठरोग पालघरच्या आदिवासी पाड्यांतून अजून गेलेला नाही. म्हणजे या पेशीचे दुखणे इथे नवे नाही, तिची गाठ तेवढी अनोळखी.

यावर पहिला आक्षेप शल्यविशारदच घेतील: गाठ सौम्य, पूर्ण काढली की रोगी बरा, मग नावाचा अट्टहास कशाला? एकट्या श्वानोमापुरते हे खरे आहे. पण स्कॅनमध्ये आणि दुर्बिणीतून जिस्टही जवळपास तशीच दिसते, आणि तिचा धोका मोठा असेल तर इमॅटिनिबच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. या औषधाच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला आणि देशी बनावटीच्या गोळ्यांची वाट मोकळी राहिली. डहाणूपर्यंत लोकल धावू लागली तीही त्याच वर्षी. पण स्वस्त गोळीसुद्धा चुकीच्या नावावर दिली तर फुकटच जाते, आणि तलासरीच्या मजुराला दर फेरीला बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही. गावाला स्टेशन नाही. आधी डहाणू किंवा उंबरगाव गाठायचे, मग सव्वाशे किलोमीटरच्या आसपास मुंबई.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जिथे कुपोषण, सिकलसेल आणि सर्पदंश रोजचे, तिथे क्वचितच कुणाला होणाऱ्या गाठीची चर्चा चैन वाटते. खर्च केवळ या गाठीसाठी होणार असता तर मीही हेच म्हटले असते. पण ऊतक फॉर्मालिनमध्ये नीट ठेवणे, ठोकळा करणे, काप घेणे हे क्षयाच्या गाठीला आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगालाही तितकेच लागते. विशेष रंग मुंबईला करून घेता येतील. खराब झालेला तुकडा मात्र कुठेही वाचता येत नाही. धुंदलवाडीजवळ सासवंदला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, त्याचे महत्त्व मला खाटांइतकेच तिथल्या पॅथॉलॉजी विभागात वाटते.

राहता राहिला ‘दुर्मिळ’ हा शिक्का. जगात जिथे जुने ठोकळे जपले होते, तिथे ते पुन्हा रंगवल्यावर लिओमायोमाच्या नोंदींतून काही श्वानोमा निघाले. जिथे काढलेली गाठ तपासायलाच गेली नाही, तिथे अशी उजळणी करायला ठोकळाच नाही, आणि त्या भागातला दुर्मिळपणा किती खरा हे आता मोजता येणार नाही.